दुकानातली चोरी दिसली तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ग्राहकांचे आहेत, किराणा आणि कापड दुकानदारांचे आहेत आणि मॉलमध्ये बिलिंगला उभ्या राहणाऱ्या मुलामुलींचेही आहेत. उत्तरांमधली कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेतली चोरीची ३७९ आणि ३८० ही कलमं आता फक्त त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना लागतात.

१. सुपरमार्केटमध्ये कुणी पर्समध्ये वस्तू लपवताना दिसलं, तर ते सांगण्याची माझ्यावर कायद्याने सक्ती आहे का?

नाही. खून, दरोडा अशा काही गंभीर गुन्ह्यांची माहिती देणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. साधी चोरी त्या यादीत नाही, त्यामुळे गप्प राहिलात म्हणून तुमच्यावर काही कारवाई होत नाही.

तरीही सांगावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. समजा, ६०० रुपयांच्या तुपाच्या डब्यावर दुकानदाराला ३० रुपये सुटतात. एक डबा गेला की खरेदीचे ५७० रुपये बुडाले. ते भरून यायला आणखी १९ डबे विकावे लागतात. गल्लीतल्या दुकानात ही झळ मालकाच्या घराला लागते. मोठ्या दुकानात ती पुष्कळदा फ्लोअरवरच्या पोरांच्या पगारापर्यंत येते (प्रश्न १६ पाहा).

२. सांगायचं तर कुणाला आणि कसं?

जवळच्या कर्मचाऱ्याला किंवा काउंटरवरच्या माणसाला, हळू आवाजात. डोळ्यांनी जे पाहिलंत तेवढंच सांगा: कोणती वस्तू, कुठल्या रॅकवरून घेतली, कशात ठेवली, अंगात कोणत्या रंगाचे कपडे आहेत. ‘ती चोर आहे’ असं म्हणू नका. ‘तिने डिओची बाटली ओढणीखाली घेतली’ हे वाक्य पुरेसं आहे आणि तेच कामाचं आहे.

स्वतः अडवायला जाऊ नका आणि ‘चोर, चोर’ असा ओरडा तर मुळीच करू नका. गर्दी जमली की पुढे काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही. मोबाइलवर चित्रीकरण करायचीही गरज नाही, दुकानात कॅमेरे असतात.

३. सांगितलं तर मलाच पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या माराव्या लागतील ना?

बहुतेक वेळा नाही. कर्मचाऱ्याच्या कानावर घालणं म्हणजे फिर्याद देणं नव्हे. फिर्यादी दुकानाचा मालक किंवा मॅनेजर असतो. तुम्ही एकमेव साक्षीदार असाल तर पोलीस तुमचा जबाब घेऊ शकतात, पण त्यावर तुमची सही घेत नाहीत. महिला, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

४. मला खात्री नव्हती. पिशवीत टाकलेली वस्तू ती व्यक्ती काउंटरला काढून ठेवेलही. मग?

ही शंका रास्त आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून आपल्याकडे घरूनच कापडी पिशवी नेणारे खूप आहेत आणि त्यातले बरेच जण सामान थेट त्यातच भरतात. वस्तू पिशवीत गेली म्हणजे चोरी झाली असं नाही.

अप्रामाणिक हेतूने वस्तू जागेवरून हलवली, की कायद्याच्या दृष्टीने चोरी पूर्ण होते. दुकानाबाहेर पडायचीही गरज नाही. पण हेतू सिद्ध कसा करणार? म्हणूनच जाणती दुकानं घाई करत नाहीत. ती व्यक्ती शेवटचं काउंटर ओलांडून दाराकडे वळेपर्यंत थांबतात. तुम्हीही पाहिलेलं सांगा आणि बाजूला व्हा. ठरवणं दुकानाचं काम आहे.

५. दुकानवाले चोरी रोखायला नेमकं काय करतात?

बाहेरून दिसतं त्यापेक्षा बरंच काही, आणि त्यातलं बहुतेक पकडापकडीच्या आधीच होतं.

अनुभवी दुकानदार पहिलं हत्यार वापरतो ते बोलण्याचं. ‘ताई, काही शोधताय का?’ एवढं विचारलं की आपल्याकडे लक्ष आहे हे कळतं आणि हात आखडतो. खऱ्या ग्राहकाला यात अपमान वाटत नाही, उलट मदतच होते. दुकानदारांना आम्ही नेहमी सांगतो की महागडा कॅमेरा घेण्याआधी फ्लोअरवर एक माणूस वाढवा.

दुसरी गोष्ट मांडणीची. रेझरची पाती, लहान बाळांची दूध पावडर, काजू-बदाम, महागडी क्रीम अशा छोट्या पण किमती वस्तू काउंटरमागे किंवा काउंटरसमोर ठेवतात. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमला जाताना नग मोजून टोकन देतात. साड्यांच्या दुकानात एक सेल्समन एका वेळी ठरावीकच साड्या उलगडतो, कारण चार-पाच जणींनी मिळून यायचं, दोघींनी भाव करत बसायचं आणि ढिगाखालची घडी तिसरीने सरकवायची, ही पद्धत जुनी आहे. सराफ ट्रेमधले नग गिऱ्हाइकापुढे ठेवताना आणि परत घेताना मोजतो. एक ट्रे आत गेल्याशिवाय दुसरा बाहेर काढत नाही. पोलीस ज्याला हातचलाखीची चोरी म्हणतात, ती हा नियम मोडला जातो तेव्हाच होते.

तिसरं, मालाला लावलेले टॅग, जे दारातले खांब ओळखतात. हे खांब रेडिओ लहरींवर (८.२ मेगाहर्ट्झ) किंवा ध्वनिचुंबकीय पद्धतीवर (५८ किलोहर्ट्झ) चालतात. बिलिंगला टॅग काढला किंवा निकामी केला नाही, तर खांब वाजतात.

आणि चौथं, मोजदाद. पुस्तकातला स्टॉक आणि प्रत्यक्षातला माल यांतल्या तुटीला या धंद्यात श्रिंकेज म्हणतात. ही सगळी तूट ग्राहकांनी केलेली चोरी नसते. बिलिंगमधल्या चुका, पुरवठादाराने कमी टाकलेला माल, नोंद न केलेली मोडतोड आणि नोकरांची अफरातफर हे सगळं त्यात येतं. तुटीचा आकडा पाहून लगेच गिऱ्हाइकांवर डोळे वटारणाऱ्या मालकांनी आधी आवक रजिस्टर तपासावं.

६. माझ्याकडे बिल असूनही गेटवर बीप वाजला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे कसं काय?

टॅग निकामी करायचा राहून गेला असेल. दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या कपड्यातला टॅग तसाच राहिला तरी खांब वाजू शकतात. बीप हा चोरीचा पुरावा नाही, काहीतरी तपासायला हवं इतकीच ती सूचना आहे. थांबा, बिल दाखवा, पिशवी स्वतःच्या हाताने उघडा. ‘साहेब, टॅग राहिलेला दिसतोय, एक मिनिट’ असं म्हणायला कर्मचाऱ्यांना शिकवणं ही मालकाची जबाबदारी आहे.

७. सुरक्षारक्षक माझ्या बॅगेची किंवा अंगाची झडती घेऊ शकतो का?

जबरदस्तीने नाही. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानुसार एजन्सीला परवाना आणि रक्षकाला प्रशिक्षण लागतं, पण गणवेशामुळे त्याला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. तो विनंती करू शकतो आणि तुम्ही राजी असाल तरच बॅग पाहू शकतो. नकार दिलात आणि दुकानाला ठोस संशय असेल, तर त्यांनी ११२ ला फोन करावा.

अंगझडती पोलिसांवरच सोडायची. महिलेची झडती महिलेनेच आणि पूर्ण मर्यादा राखून घ्यायची, असं बंधन कायद्याने पोलिसांवरसुद्धा घातलं आहे. पुरुष रक्षकाने महिलेच्या अंगाला हात लावला तर न्याय संहितेचं विनयभंगाचं कलम ७४ लागू शकतं.

८. पाच हजारांच्या आतल्या चोरीला आता शिक्षाच नाही, हे खरं का?

खरं नाही, पण अफवेचं मूळ खरं आहे. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड. मात्र मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायची. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकोपयोगी काम, विनामोबदला.

फरक पडतो तो पोलिसांच्या कामात. अशी लहान चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तिथे एफआयआर नोंदवावाच लागतो.

एक पेच लक्षात ठेवा. घरात किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत चोरी झाली तर कलम ३०५ लागू शकतं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. दुकान या व्याख्येत बसवून हे कलम लावलं गेलं, तर चित्र पूर्ण बदलतं. कोणतं कलम लावायचं हे आधी पोलीस आणि शेवटी कोर्ट ठरवतं.

९. मी दुकानदार आहे. चोराला पकडून ठेवायचा मला अधिकार आहे का? किती वेळ?

या प्रश्नाचं अर्धवट उत्तर सगळीकडे फिरतं, म्हणून नीट वाचा.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य माणसाला अटकेचा अधिकार देतं, पण दोन अटींवर: गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र हवा. पकडलेल्या माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांकडे सोपवायचं. प्रश्न ८ मधला फरक इथे आडवा येतो. तीनशे रुपयांची चॉकलेटं उचलणाऱ्याचा गुन्हा कलम ३०३ खालीच राहिला तर तो अदखलपात्र ठरतो आणि कलम ४० चा आधार राहत नाही.

मग हात बांधून बघत बसायचं का? नाही. मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क न्याय संहितेने दिलेला आहे आणि तो चोरीच्या बाबतीतही चालतो. दारात उभं राहून ‘ही वस्तू परत द्या’ म्हणणं, हातातला माल परत घेणं, हे त्यात बसतं. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरायचं नाही आणि माल परत मिळाला की हा हक्क संपतो. त्यानंतर स्टोअररूममध्ये दोन तास कोंडून ठेवलंत, तर कलम १२७ खाली बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर होऊ शकतो, ज्याला एक वर्षापर्यंत कैद आहे.

आम्ही दुकानदारांना सांगतो ते असं: माल परत घ्या. पोलीस बोलवायचे असतील तर लगेच बोलवा. ते येईपर्यंत त्या व्यक्तीला उजेडात, इतरांच्या नजरेसमोर, पाणी विचारून बसवा. महिला असेल तर महिला कर्मचारी जवळ ठेवा. सगळं कॅमेऱ्याच्या टप्प्यात होऊ द्या, कारण तो कॅमेरा तुमचाही साक्षीदार आहे.

१०. ‘चोरी करताना आढळल्यास दहापट दंड’ असा बोर्ड लावला तर चालेल का?

दंड करण्याचा अधिकार कोर्टाचा आहे, दुकानाचा नाही. वस्तूची किंमत घेऊन विषय मिटवणं ठीक आहे, चोरीच्या गुन्ह्यात मालकाला तडजोडीची मुभाही आहे. पण ‘पाच हजार दे, नाहीतर घरच्यांना बोलावतो, फोटो टाकतो’ असं धमकावून पैसे घेतले तर ती खंडणी होते. कलम ३०८ नुसार तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे साध्या चोरीपेक्षा जास्त. दमदाटी करून लिहून घेतलेला माफीनामाही कोर्टात टिकत नाही. बोर्ड लावायचाच असेल तर ‘कॅमेरे चालू आहेत, चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार केली जाईल’ एवढं लिहा.

११. पकडल्यावर दोन थपडा मारल्या, फोटो बाजारपेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इतरांना सावध करण्यात काय चूक?

थप्पड मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम ११५ मध्ये त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि समोरच्याने चोरी केली होती हा त्यावर बचाव होत नाही. मारणारे एकापेक्षा जास्त असले की प्रत्येक जण ‘मी एकच मारली’ म्हणतो आणि माणूस मात्र रुग्णालयात पोहोचतो. दोनशे रुपयांच्या मालासाठी माणूस मेल्याच्या बातम्या या देशात येत राहतात. त्या वाचूनही कुणी दुकानासमोर माणूस खांबाला बांधत असेल, तर शेजारच्या दुकानदाराने पुढे होऊन सोडवलं पाहिजे.

फोटोचं म्हणाल, तर आरोप सिद्ध झालेला नसताना ‘ही चोर आहे’ असं पसरवणं अब्रुनुकसानीत जाऊ शकतं (कलम ३५६). फुटेज पोलिसांना द्या. शेजारच्या दुकानदारांना सावध करायचं तर चेहरा न दाखवता पद्धत सांगा: ‘चार जणींचा गट, एकीच्या कडेवर मूल, साड्या उलगडायला लावतात’. उपयोग पद्धत कळण्याचाच होतो.

१२. काही ठरावीक लोक आत आले की आमचे नोकर त्यांच्या मागे-मागे फिरतात. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत करून माणसं ठेवली, त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण पारधी समाजातली बाई दुकानात शिरली की गल्ल्यावरचा माणूस आजही ताठ होतो.

यात अन्याय आहेच, शिवाय धंद्याचं नुकसानही आहे. नोकराचे डोळे जुनेऱ्यातल्या बाईवर खिळलेले असताना इस्त्रीच्या शर्टातला माणूस निवांतपणे माल उचलतो. लक्ष हातांच्या हालचालींवर ठेवायला शिकवा, कपड्यांवर नाही.

१३. शाळकरी मुलाला चोरी करताना पकडलं. पोलिसांना बोलवायचं का?

आमचं उत्तर: आधी पालकांना बोलवा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हाच नाही. सात ते बारा वयात मुलाला आपल्या कृत्याची पुरेशी समज होती का, हे पाहावं लागतं. अठरा वर्षांखालील कुणालाही लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. प्रकरण विशेष बाल पोलीस पथकामार्फत बाल न्याय मंडळाकडे जातं आणि साध्या चोरीत एरवी एफआयआरही नोंदवत नाहीत. मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून प्रश्न ११ मधली खबरदारी इथे दुप्पट घ्या.

मोठी माणसं मुलांकडून चोरी करवून घेताहेत असं वाटलं, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. तिथे मदतीची गरज त्या मुलाला असते. आणि शाळेच्या गणवेशातल्या मुलाला दुकानाबाहेर कान धरून उभं करू नका. तो दिवस तो आयुष्यभर विसरत नाही.

१४. आजोबांना विसरण्याचा आजार आहे. ते पैसे न देता वस्तू घेऊन निघतात. किंवा कुणी भुकेपोटीच ब्रेड उचलला तर?

डिमेन्शिया असलेल्या माणसाचा अप्रामाणिक हेतूच नसतो, त्यामुळे ती चोरी होत नाही. घरच्यांनी नेहमीच्या दुकानदाराला विश्वासात घेऊन सांगून ठेवावं आणि खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी. गरज नसताना वस्तू उचलण्याची अनावर ओढ, म्हणजे क्लेप्टोमेनिया, हा खरा पण दुर्मिळ आजार आहे. त्याने आपोआप सुटका होत नाही, कारण आपण करतो ते चूक आहे हे त्या माणसाला सहसा कळत असतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मोफत आहे.

भुकेसाठी कायद्यात वेगळी माफी नाही. पण तक्रार करायची की नाही हे मालकाच्या हातात आहे, आणि ब्रेडच्या पुड्यासाठी किंवा बाळाच्या दुधासाठी ती करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

१५. पाकीट दुकानातच फोडून खाल्लं, किंवा स्वस्त वस्तूचं स्टिकर महागड्या वस्तूवर लावलं, तर तीही चोरीच का?

रिकामं पाकीट बिलिंगला देऊन पैसे भरलेत तर चोरी नाही. वाईट सवय मात्र आहे. पाकीट रॅकमागे सारून निघून गेलात तर चोरी. स्टिकर बदलणं याहून गंभीर आहे: तुम्ही कॅशियरला फसवून माल घेतलात, म्हणून ती कलम ३१८ खालची फसवणूक ठरू शकते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि वाचवलेले पैसे दोनशे असले तरी प्रश्न ८ मधली सवलत तिथे नाही.

१६. मी मॉलमध्ये काम करते. माल कमी भरला की आमच्या पगारातून कापतात. असं करता येतं का?

सरसकट नाही. जो माल तुमच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवला होता, तोच तुमच्या निष्काळजीपणामुळे गेला असेल, तर आणि तरच कपात करता येते. तीही नुकसानीपेक्षा जास्त नाही आणि तुम्हाला बाजू मांडायची संधी दिल्यानंतरच. ग्राहकांनी भरलेल्या फ्लोअरवरची तूट दहा जणांत वाटून कापणं या नियमात बसत नाही. लेखी कारण मागा, पगारपत्रक जपून ठेवा आणि कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

१७. चोरी झाल्याचं दोन दिवसांनी फुटेजमध्ये दिसलं. आता उशीर झाला का?

नाही. फक्त फुटेज लगेच वेगळं काढा, कारण रेकॉर्डर जुनं पुसून त्यावर नवं चढवतो. कोर्टात ते चालायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून भागत नाही. मालाचं खरेदी बिल सोबत न्या, किंमत त्यावरूनच ठरते. दखलपात्र गुन्हा असून ठाण्यात दाद लागली नाही, तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

१८. दुकानाचा विमा आहे. गिऱ्हाइकाने चोरलेल्या मालाची भरपाई मिळेल का? आणि जीएसटीचं काय?

घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. बळाने आत शिरणं किंवा बाहेर पडणं ही त्या पॉलिसीची अट असते, आणि ती अट असेल तर बळाचा वापर झाल्याशिवाय दावा बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. उघड्या दुकानातून उचललेला माल त्यात येत नाही. पॉलिसी घेतानाच हा मुद्दा विचारा.

जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(h) नुसार चोरीला गेलेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं. बरेच दुकानदार इथे चुकतात, म्हणून वार्षिक स्टॉकमोजणीनंतर तुटीचा आकडा आपल्या सीएला कळवा.

१९. मुलगी अमेरिकेत शिकते. तिथल्या एका स्टोअरमध्ये तिच्यावर चोरीचा आळ आला आहे. थोडा दंड भरून मिटवावं का?

वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही मान्य करू नका. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने जाहीरपणे सांगितलं की तिथे चोरी केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो. किरकोळ दंडावर सुटका दिसते म्हणून दिलेली गुन्ह्याची कबुली पुढे व्हिसाच्या कामात आडवी येते. गुन्हा कबूल करण्याचा हद्दपारीवर काय परिणाम होईल, हे फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला सांगितलंच पाहिजे, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो सल्ला मागून घ्या आणि सोबत इमिग्रेशनच्या वकिलालाही कागद दाखवा.

तिथले नियम आपल्यासारखे नाहीत, हेही लक्षात घ्या. रास्त संशय असेल तर ग्राहकाला वाजवी वेळ थांबवून ठेवण्याची मुभा बहुतेक राज्यांत दुकानाला आहे. बऱ्याच राज्यांत दुकान दिवाणी भरपाईची नोटीसही पाठवू शकतं. अशी नोटीस आली तर ती आधी वकिलाला दाखवा, कारण ते पैसे भरल्याने फौजदारी खटला आपोआप मिटत नाही.